गप्प पोर आधी

आवडाबाईने दोन्ही सुनांना एका चटईवर बसवायचं ठरवलं, तेव्हाच मोठागावच्या खाडीने कान टवकारले असणार. तिचं बोलणं खाडीला ऐकू जायचंच म्हणा. तिने अंगणातून हाक घातली की पलीकडच्या तिवरांच्या झाडीतले बगळे भर्रकन उठायचे. तिचा नवरा गोमाजी तर सांगायचा, की ऐन जवानीत तो जाळं टाकून नुसता बसायचा आणि आवडाबाई किनाऱ्यावरून ओरडायची. घाबरलेले मासे आपणहून जाळ्यात शिरायचे. खरं-खोटं कोण बघायला गेलंय? गोमाजी कोळ्याच्या गोष्टीला साक्षीदार मागायचा नाही, एवढं कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

तर होडी तयार झाली होती. परशुरामची नवी होडी. सागाच्या फळ्या, निळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन्ही बाजूंना काढलेले डोळे. आता ती पाण्यात लोटायची. पण या घराचा नेम असा, की नवी होडी पाण्यात जाताना घरातल्या सगळ्या लेकांचा खांदा तिला लागायला हवा. एक जरी खांदा कमी पडला तर ती होडी घराला धार्जिणी होत नाही. आणि आवडाबाईचे लेक दोन. थोरला परशुराम, धाकटा दामाजी. त्या दोघांचं बोलणं बंद होतं ते दामाजीने जाळं सोडून मानपाड्याच्या कंपनीत नोकरी धरली तेव्हापासून. वर त्याने मोहन्याच्या चाळीतली, साताऱ्याकडची, कल्याणच्या सरकारी दवाखान्यातली नर्स, विमल, बायको करून आणली, तेव्हा तर परशुरामने भावाचं तोंड न बघायची गळ्याची शपथ घेतली होती.

आवडाबाईने ती शपथ मोडली. कशी मोडली? ती जेवायची थांबली. खरं तर पहाटेच सुकटीची चटणी आणि भाकरी खाऊन घ्यायची, पण परशुरामला ते ठाऊक नव्हतं.

"तुझी होडी आणि माझा उपास, दोन्ही एकाच भरतीला सुटतील," ती म्हणाली.

एक्क्याण्णव सालच्या त्या उधाणाच्या दिवशी दामाजी बायकोमुलाला घेऊन रिक्षातून उतरला, तेव्हा परशुराम होडीच्या बुडाला तेल चोपडत होता. त्याने मान वर केली नाही.

"दादूस," दामाजी म्हणाला.

"खांद्याला आलायस ना? भरतीला वेळ हाय. बस."

एवढंच. पण आवडाबाई आतून ऐकत होती. तिच्या हिशेबी हे भरत-भेटीपेक्षा कमी नव्हतं.

अंगणात मात्र वारा वेगळा होता. थोरली सून सगुणा कुंकवाचं ताट सजवत बसली होती. होडीच्या नाळेला पहिलं कुंकू थोरल्या सुनेनं लावायचं, हा तिचा मान. विमलने नारळ उचलून ताटात ठेवायला हात पुढे केला, तशी सगुणाने ताट मांडीकडे ओढलं.

"राहू दे. माझं मी करते."

"अहो ताई, नारळच ठेवत होते."

"दवाखान्याचे हात ते. कोण मेलं, कोण सडलं, सगळ्याला लागलेले. नव्या होडीला नको."

विमलने हात मागे घेतला. तिला वाईट वाटलं की नाही ते कळलं नाही, कारण ती लगेच कोपऱ्यातल्या मांजराच्या पिल्लाकडे बघायला लागली. पण आवडाबाईला कळलं. आवडाबाईचं मन मात्र त्या दिवशी तळ्यात-मळ्यात होतं. धाकटी सून तिला आवडायची, पण कौतुक करायला भीती वाटायची. कारण शेजारच्या बायका हसायच्या. त्या हसण्याचं कारण असं की मागच्या वर्षी विमलच्या दवाखान्यात मुंबईहून कुणी डॉक्टरीण आली होती. जीव चाललेल्या लहान पोराला कसं धरायचं, ते तिने रबराच्या बाहुलीवर शिकवलं. बाहुली दवाखान्याची, ती काही घरी आणता येईना. म्हणून विमल घरी उशीवर सराव करायची. उशी जमिनीवर ठेवायची, तिच्या एका टोकाला तोंड लावून हळूच हवा सोडायची, मग मधोमध तळहाताने दाबायची. खिडकीतून एका बाईने ते पाहिलं. दोन दिवसांत डोंबिवली पश्चिमेपासून खडवलीपर्यंत बातमी होती, की दामाजीची बायको उशीचे मुके घेते आणि मग तिला मारते.

सगुणाने ती बातमी खाडीपलीकडेही पोचवली होती, हे सांगायलाच हवं.

ओट्यावर गोमाजीभोवती पोरं जमली होती. दामाजीचा गणू, परशुरामची जनी आणि वाड्यातली आणखी चिल्लीपिल्ली. गणू शाळेत जाणारा, ढोपरं कायम फुटलेली. जनी त्याच्याहून बरीच लहान, गोल डोळ्यांची, आणि घरात सगळ्यांत कमी बोलणारी. आजीचा सगळा आवाज नातीपर्यंत पोचायच्या आत संपला होता, असं लोक म्हणायचे.

"...तर तो पैलवान," गोमाजी सांगत होता, "ठाण्याच्या पुलाखाली बुडाला. केवढा? या ओट्याएवढा! मी उडी घेतली. बाहेर काढला तर निळा पडलेला, गार. लोक बोलले, गेला. मी बोललो, गोमाजी असताना? धरला त्याला पायाला, असा उलटा, आणि दिला गरगरा फिरवून! तोंडातून काय पडलं?"

"खाडीचं पाणी!" पोरं ओरडली.

"मग?"

"दोन बोयटं मासे!"

"आणि?"

"जिती चिंबोरी!"

"आणि ती चिंबोरी पैलवानाकडं बघून काय बोलली?"

"बाबा," विमल हसत हसत ओट्याशी आली होती, "चिंबोरीला बोलू द्या, पण ते गरगर फिरवणं नका सांगू पोरांना. बुडालेल्याला उलटं धरलं की पोटातलं सगळं घशात येतं आणि तिथून छातीत जातं. जो वेळ श्वास द्यायचा तो फिरवण्यात जातो."

 गोमाजीने मिशी चाचपली. त्याला राग नव्हता आला. गोष्टीच्या ऐन रंगात कुणी मध्ये बोलल्यावर गोष्ट सांगणाऱ्याचं जे होतं ते झालं होतं. पण परशुराम तेलाचा फडका टाकून तिथवर आला.

"ह्या खाडीवर माझ्या बापाच्या गरगरीला नावाजतात. बुडालेलं माणूस आलं की पहिला निरोप आमच्या घरी येतो. आणि तू उशीचे मुके घेणारी, माझ्या बापाला शिकवतेस?"

"दादूस, तोंड सांभाळ," दामाजी उठला.

"खांद्याला आलायस. खांदा दे आणि जा."

आवडाबाईने आतून भांडं आपटलं. "भरती आयली! बंदरावर चला, सगळी!"

भरती अजून यायची होती. पण भांडणापेक्षा बंदरावर थांबलेलं बरं.

*

नवी होडी ओंडक्यांवर उभी होती. पाणी तिच्या नाळेपासून हातभर लांब, हळूहळू वर येत होतं. वाड्यातले पुरुष दोन्ही बाजूंना लागले. मागे, जिथं सगळा जोर लागतो तिथं, परशुराम आणि दामाजी. दोघांचे खांदे एकमेकांना लागले आणि कुणीही बाजूला झालं नाही. आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं आणि खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

सगुणा ताट घेऊन पुढे आली. बोट कुंकवात बुडवलं.

आणि तेव्हा मागून किंकाळी आली.

बंदराच्या कडेला गोमाजीचं जुनं होडकं दोरीला बांधलेलं असायचं. सगळे होडी लोटण्यात, म्हणून पोरं त्या होडक्यात चढली होती. खेळ एकच: आजोबांची गोष्ट. कुणी गोमाजी, कुणी पैलवान. सगळी एका बाजूला झाली आणि होडकं पालथं झालं.

पोरं चिखलातून धडपडत वर आली. गणू सगळ्यात जोरात ओरडत होता. त्याची भुवई फुटली होती. रक्त डोळ्यांत, गालावर, नव्या शर्टावर. पुरुषांनी होडी सोडली. बायका धावल्या. आवडाबाईने हंबरडा फोडला, "गणू! माझा गणू गेला रं!" दामाजीने पोराला उचललं. रक्त म्हणजे केवढं! सगळा वाडा त्या एका भुवईभोवती गोळा झाला.

विमल धावत आली. पोराचं तोंड दोन हातांत धरलं. त्याच्याकडे पाहिलं. सगुणाला ते पाहणं पुढे जन्मभर आठवलं. ते आईचं पाहणं नव्हतं. ते एका श्वासापुरतं होतं. डोळे, छाती, रंग.

"आई गं! दुखतंय! आई!"

"ओरड बाळा, ओरड. अजून ओरड." तिने डोक्यावरचा पदर फाडला. घडी करून दामाजीच्या हातात कोंबली. "घट्ट दाबा. सोडू नका, काढून बघू नका." आणि ती उठली.

दामाजी ओरडला, "अगं, कुठं चाललीस? पोरगा रक्तात..."

"तो ओरडतोय! ओरडायला श्वास लागतो." विमल सगळ्या पोरांकडे बघत होती. एक रडत होतं, एक ओकत होतं, एक आईला बिलगून थरथरत होतं. "गप्प पोर आधी! गप्प कोण आहे? सगुणाताई, जनी कुठाय?"

सगुणाच्या हातातलं ताट खाली पडलं.

जनीला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. जनी कधी ओरडतच नसे. म्हणून ती नाहीये हेही कुणाला ऐकू आलं नव्हतं.

परशुरामने पाण्यात झेप टाकली. पालथं होडकं सुलटं केलं. खाली, दोरीत अडकलेली, जनी. त्याने तिला वर आणलं तेव्हा ती ओल्या फडक्यासारखी त्याच्या हातावर लोंबत होती. ओठ वांग्याच्या रंगाचे. तोंडात चिखल.

त्याने काय करावं? तो गोमाजीचा मुलगा होता. त्याने तिचे दोन्ही पाय धरले.

"गरगर!" कुणीतरी ओरडलं. "फिरव परशुराम, फिरव!"

"नको!" विमलने त्याच्या मनगटाला धरलं. "दादा, नको! जमिनीवर द्या तिला!"

"बाजूला हो! माझी पोर हाय!"

"उलटं धरलंत तर छातीत जाईल सगळं! मला द्या!"

वाडा दोन बाजूंना झाला नाही. वाडा सगळा एका बाजूला होता, आणि विमल एकटी दुसऱ्या.  परशुरामने बापाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. गोमाजी बंदरावरच्या घाटाच्या पायरीवर उभा होता, हातात काठी, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या थोरल्या मुलाच्या हातात उलटी लोंबत होती. सगळा वाडा त्याच्या तोंडून एक शब्द यायची वाट बघत होता. नुसतं 'फिरव' म्हणायचं होतं. आजवर किती वेळा म्हटलं होतं!

"पाय सोड," गोमाजी म्हणाला. आवाज बसलेला होता. मग त्याने काठी दगडावर आपटली. "सोड रं पाय! विमलच्या हाती दे तिला! आत्ता!"

परशुरामने जनीला चिखलात नाही, घाटाच्या फरशीवर ठेवलं. अगदी हळू. हे काम त्याच्या हातांनी केलं. डोकं त्याचं तिथं नव्हतं.

पुढचं सगुणाने पाहिलं. तिला वाटलं होतं मंत्र असेल, सुई असेल, काहीतरी. काहीच नव्हतं. विमलने पोरीचं तोंड एका बाजूला वळवलं, बोटाने दिसत होता तेवढा चिखल काढला. मग मान सरळ केली. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, आणि डोकं थोडंसं मागे. फार नाही. गाल पोरीच्या नाकाशी नेऊन छातीकडे पाहिलं.

"श्वास नाही." हे ती कुणाला सांगत नव्हती. मग गर्दीला: "एकजण रिक्षा आणा. पळत. बाकीचे मागे व्हा."

मग तिने नाक चिमटीत धरलं, पोरीच्या तोंडावर तोंड ठेवलं आणि हवा सोडली. छोटीशी. पोरीची छाती वर आली. विमल थांबली, छाती खाली जाताना पाहिली, पुन्हा फुंकर. पुन्हा छाती वर. उशी, सगुणाला वाटलं. ही तीच उशी.

मानेवर दोन बोटं ठेवून विमलने डोळे मिटले. "ठोके आहेत. फार हळू, पुरायचे नाहीत." मग तळहाताचा मनगटाकडचा भाग पोरीच्या छातीच्या मधोमध ठेवून ती दाबायला लागली, वरून, सरळ हाताने, भराभरा, मोजत. दाबायची, मग फुंकर, मग दाबायची. कपाळावरचा घाम पोरीच्या फ्रॉकवर पडत होता. तिचा स्वतःचा मुलगा मागे अजूनही ओरडत होता, आणि तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

"ती गेली काय गो?" सगुणा म्हणाली. 

विमलने पुन्हा नाक चिमटीत धरलं. फुंकर. छाती वर.

मग जनीचा पाय हलला. नुसता अंगठा. विमलने लगेच हात थांबवले. जनी खोकली. एकदा. मग घशातून घरघर आली. विमलने तिला झटक्यात कुशीवर वळवलं आणि पोरीने पाणी आणि चिखल फरशीवर ओकला. बोयटं निघालं नाही. चिंबोरीही नाही. पण त्या ओकारीनंतर जे निघालं, ते त्या खाडीवर कधी ऐकू आलं नव्हतं. जनी रडली. मोठ्याने. आजीसारखी.

सगुणाने फरशीवर बसून विमलचे पाय धरले. विमलने तिला उठवलंही नाही. तिचे डोळे जनीच्या छातीवर होते.

"ताई, रडू द्या तिला. ओले कपडे काढा. तुमचा पदर गुंडाळा. कुशीवरच ठेवा."

*

कथा इथं संपायला हवी होती, असं परशुरामला वाटलं. पोरगी रडतेय, म्हणजे झालं. त्याने तिला उचलायला हात पुढे केले.

"घरी नेतो. चुलीशी शेकवतो. आये, मिरीचा काढा कर."

"काढा नाही, दादा. तोंडातून काहीच द्यायचं नाही. दवाखान्यात," विमल म्हणाली. "डोंबिवलीत मुलांचे डॉक्टर आहेत, आधी तिथं, मग कल्याणला."

"रडतेय ना ती? तूच बोललीस, रडणारं पोर बरं."

"मी म्हटलं, गप्प पोर आधी. रडणाऱ्याला नंतर. कधीच नाही असं म्हटलं नाही मी. पाण्याने आत काय केलंय ते नंतर कळतं. संध्याकाळपर्यंत धाप लागू शकते. तेव्हा रिक्षा शोधत बसाल?"

आवडाबाईने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, होडी तशीच उभी आहे, भरती जाईल, लोकांना काय सांगायचं. पण तिच्याआधी सगुणा बोलली, जी सकाळी ताट मांडीकडे ओढत होती.

"आये, तुम्ही होडीशी राहा. आणि परशुराम!" नवऱ्याला नावाने हाक मारायची ही सगुणाची पहिलीच वेळ असावी. "विमल बोलेल तिकडे जायचं. मी पोर घेऊन तिच्यासोबत चालले. तुला यायचं असेल तर ये."

परशुराम आला. रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत.

दामाजीने दुसऱ्या रिक्षातून गणूला आणलं. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी भुवईला टाके घातले, जनीचं बघितलं आणि कल्याणला विमलच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं बाहेरच्या बाकावर दोन भाऊ बसले. एकाच्या शर्टावर आपल्या मुलाचं रक्त, दुसऱ्याच्या शर्टावर खाडीचा चिखल. 

"गणूचे टाके दुखतात काय?" परशुरामने विचारलं.

"ओरडतोय अजून."

"ओरडू दे."

त्याने शर्टावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. मग परशुराम म्हणाला, "खांदा दिलास तेव्हा मला कळलं. तू अजून जोर लावतोस. कंपनीत सगळा जोर गेला नाय."

"कंपनीत यंत्र लावतं जोर, दादूस. मी नुसतं बटण दाबतो."

परशुराम हसला. दामाजीने ते दुसऱ्या बाजूला बघून ऐकलं.

संध्याकाळी जनीला खरंच धाप लागली. नाकपुड्या फुलल्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली. डॉक्टरांनी प्राणवायूचा मुखवटा लावला आणि रात्रभर ठेवायचं ठरवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी परशुरामला बाजूला घेऊन सांगितलं, "वेळेवर आणलंत. आणि तिथं ज्यांनी श्वास दिला, त्यांनी वाचवलं. आमचं काम इथं अर्धंच उरलं होतं."

परशुराम विमलपाशी गेला. ती भिंतीला टेकून उभी होती. ड्युटी नसतानाही ती त्या वॉर्डात उभी होती तशीच, जशी रोज उभी असते.

"विमल," तो म्हणाला. त्याने कधी तिला नावाने हाक मारली नव्हती. "तू गणूला सोडून..."

"दादा, गणूला त्याचे वडील होते. जनीला कुणी नव्हतं."

"आम्ही सगळे होतो."

"तुम्ही सगळे गणूभोवती होतात."

 परशुरामने डोकं खाजवलं, जसं तो जाळं गुंतलं की खाजवायचा. "तू ज्या उशीवर शिकलीस ना," तो म्हणाला, "ती उशी आमच्या घरी आण. सगुणालाही शिकायचंय. मलाही."

*

होडी त्या भरतीला पाण्यात गेली नाही. पुढच्या उधाणाला गेली. जनी तोवर बरी झाली होती आणि पूर्वीसारखीच गप्प बसेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

आवडाबाईने ताट सजवलं, सगुणाच्या हातात दिलं. सगुणाने ते घेतलं, नाळेपर्यंत नेलं आणि तिथं विमलकडे वळली.

"हात पुढं कर."

"ताई, हा तुमचा मान..."

"माझा मान मी कुणाला द्यायचा ते मीच ठरवणार. लाव कुंकू. दवाखान्याच्या हाताने."

विमलने कुंकू लावलं. दोन्ही लेकांनी खांदा दिला, आणि होडी पाण्यात अशी घसरली की आवडाबाई म्हणाली, लोणी. नंतर तिने मोहन्याहून आलेल्या विमलच्या वडिलांच्या पुढ्यात सगळ्या वाड्याला ऐकवलं, "ही माझी धाकटी सून. मेलेल्या पोरात फुंकर घातली आणि जिती केली! ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी सून कुणाकडं हाय ते दाखवा." आवाज असा की पलीकडचे बगळे उठले.

"आई, जनी मेलेली नव्हती," विमल म्हणाली. "ठोके होते."

"तू गप. तुला काय कळतंय?"

जेवणं झाल्यावर पोरं पुन्हा ओट्यावर जमली. गोमाजी बसला, मिशी चाचपली. सगळे बघत होते. आता हा कोणती गोष्ट सांगणार?

"ऐका," गोमाजीने सुरुवात केली. "त्या दिवशी खाडीला असं उधाण होतं की लाटा डोंबिवली स्टेशनच्या छपरावर आदळत होत्या. एक सुसर होती, या होडीएवढी. आणि पाण्याच्या तळाला, जिथं सूर्य पोचत नाय, तिथं एक पोर."

"आजोबा, सुसर नव्हती," गणू म्हणाला. त्याच्या भुवईवर टाक्यांची खूण होती, आणि ती तो सगळ्यांना दाखवत फिरायचा.

"तू ओरडत होतास, तुला कसं दिसणार?" गोमाजी पुढे झुकला. "आणि किनाऱ्यावर सगळा वाडा. पैलवान, शिपाई, भगत. कुणाचं काही चालेना. तेव्हा आली ती. कोण?"

"विमलकाकी!"

"कशी आली?"

"पदर फाडत!"

"बाबा," दामाजी ओट्याच्या कडेने म्हणाला, "आणि तो ठाण्याचा पैलवान? तो वाचला कसा मग?"

 उत्तर विमलने दिलं.

"तुमच्या बाबांच्या तावडीतून सुटला, म्हणून वाचला."

ओटा हसून लोळला. सगळ्यात जोरात गोमाजी हसला. हसता हसता त्याने काठी टेकवली आणि म्हणाला, "सूनबाई, तुझं माझं ठरलंय ना? लाटा माझ्या, सुसर माझी, पैलवान माझा. त्यात तू बोलायचं नाय."

"आणि जे करायचं ते?"

"ते तुझं. त्यात मी एक बोट इकडचं तिकडं करायचा नाय." त्याने ओट्यावर चटई अंथरली. "जनी, ये. झोप पाठीवर. कडक जागेवर, पलंगावर नाय. बघा रं पोरांनो. आधी तोंडात काय दिसतंय ते काढायचं. मग एक हात कपाळावर, बोटं हनुवटीखाली, डोकं थोडं मागं. लहान पोराचं फार मागं नाय. मग गाल लावून बघायचं, श्वास हाय का. नसला तर?"

"फुंकर!"

"केवढी?"

"छाती वर येईल एवढीच!"

"आणि पाय धरून?"

"फिरवायचं नाय!"

गोमाजीने विमलकडे पाहिलं. विमलने मान हलवली. एकही बोट इकडचं तिकडं झालं नव्हतं. सुसरीच्या गोष्टीत आजवर एवढं खरं कधी नव्हतं.

"जनी, डोळे मीट. आणि गप्प राहा. तू बुडालेली आहेस."

जनीने डोळे उघडले. चटईवर उठून बसली. आजोबांकडे पाहिलं, विमलकाकीकडे पाहिलं.

"नाय राहणार गप्प," ती म्हणाली.

"अगं, गोष्टीत..."

"मी ओरडणार."

सगुणाने तोंडावर पदर घेतला. विमल ओट्याच्या पायरीवर बसली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर आली.

"ओरड बाय," ती म्हणाली. "अगदी जोरात ओरड."

जनीने छाती भरून श्वास घेतला. सगळ्या वाड्याने तिची छाती वर येताना पाहिली. आणि मग ती ओरडली, आजीपेक्षाही जोरात, इतक्या जोरात की आत्ताच कुठे परत येऊन तिवरांवर बसलेले बगळे पुन्हा एकदा सगळेच्या सगळे उठले.